बेटावरचे लग्न आणि गावातली वाट

लगीनसराई जवळ आली की हल्ली छापील पत्रिकेच्या आधी मोबाइलवर एक चित्रफीत येते. निळा समुद्र, नारळाची झाडे, पांढऱ्या वाळूवर दोन खुर्च्या आणि खाली एखाद्या बेटाचे नाव. बाली, फुकेत, मॉरिशस, नाही तर आपले अंदमान. उद्योगपती आणि सिनेनटांनी सुरू केलेली ही रीत आधी बिल्डरांकडे आली, मग डॉक्टरांकडे आली आणि आता शिकलेल्या आंबेडकरी मध्यमवर्गाच्या दारातही येऊन उभी राहिली आहे. तिला 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात. कोणी कोठे लग्न करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि कोणाच्या संसारात डोकावण्याची आम्हाला हौस नाही. परंतु आपल्या समाजात लग्न ही केवळ दोन कुटुंबांची बाब कधीच नव्हती. लग्नाचा मांडव हे चळवळीचे एक व्यासपीठ राहिले आहे. ते व्यासपीठ समुद्रापार जात असेल तर त्यावर बोलणे भाग आहे.

या विषयावर देशाचे पंतप्रधानही बोलले आहेत. २६ नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये त्यांनी परदेशात जाऊन लग्न करणाऱ्या कुटुंबांना देशातच लग्ने करा, म्हणजे देशाचा पैसा देशात राहील, असे सांगितले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी लक्षद्वीपचा दौरा केला, मालदीवशी वाद झाला आणि मालदीव सोडा, लक्षद्वीपला चला अशी हाकाटी उठली. म्हणजे बेट हवेच, फक्त ते स्वदेशी हवे! त्या लक्षद्वीपमध्ये राहणारी माणसे कोण आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार तेथील ९४ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातीचे आहेत. २०२१ साली जमिनीविषयीच्या नव्या नियमांचा मसुदा आला तेव्हा आपली जमीन जाईल या भीतीने हीच माणसे आंदोलनात उतरली होती. जाहिरातीतले बेट नेहमी रिकामे दाखवतात. प्रत्यक्षात तेथे लोक असतात, आणि आपल्या मेजवानीनंतर वाळूवरचा कचरा उचलणारे हातही त्यांच्यातलेच असतात.

पैसा देशात राहिला की बाहेर गेला, एवढाच पंतप्रधानांचा प्रश्न होता. आमचा प्रश्न वेगळा आहे. पंगतीला कोण बसले आणि पंगतीबाहेर कोण राहिले?

बेटावरचे लग्न कसे ठरते ते जरा पाहावे. आधी एखादी नियोजन करणारी कंपनी गाठायची. ती रिसॉर्ट दाखवते. रिसॉर्टवाले दिवसाला अमुक खोल्या, दोन किंवा तीन रात्री, अशी बोली करतात. बयाणा आधी भरावा लागतो, तारीख मोडली तर त्यातले बरेचसे परत मिळत नाही. पावसाळ्यात दर उतरतात, पण वादळाची जोखीम आपल्या डोक्यावर. मग खोल्यांच्या संख्येवरून पाहुण्यांची संख्या ठरते. खोल्या तीस असतील तर माणसे साठ. येथेच खरे लग्न ठरते, कारण येथे यादी करायला बसावे लागते. मुलाचे ऑफिसातले मित्र, मुलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी, वडिलांचे साहेब, आणि राहिलेल्या जागेत जवळचे नातेवाईक. हात राखून लिहिलेल्या त्या यादीत गावाकडची माणसे शेवटी येतात आणि सर्वात आधी गळतात.

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवचे उदाहरण घेऊ. कयाधू नदीच्या काठचे हे गाव. या गावातून किंवा शेजारच्या सेनगाव, औंढा, कळमनुरी, बसमत भागातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेला एखादा इंजिनिअर बालीला लग्न करायचे ठरवतो असे समजा. त्याच्या आत्याला तेथे न्यायचे तर आधी पासपोर्ट हवा. साध्या छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये. त्यासाठी जन्माचा पुरावा, ओळखपत्रांवर एकसारखे नाव, पोलीस पडताळणी. जिच्या जन्माची नोंद कोणी केलीच नाही, जिचे नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरे आहे, तिने हे सगळे कोठून आणायचे? त्यानंतर विमानाचे तिकीट, अंगावर घालायला पाहुण्यांत शोभेल असे लुगडे, आणि आठवडाभराच्या मजुरीवर पाणी. अंदमानला पासपोर्ट लागत नाही, बाकीचे सगळे लागतेच. म्हणून मग फोन जातो. 'आत्या, तुला त्रास नको म्हणून बोलावत नाही, नंतर रिसेप्शन ठेवणार आहोत, तेव्हा नक्की ये.' आत्याही समजूतदार. ती म्हणते, 'बरं बाबा, सुखी राहा.'

पण हा इंजिनिअर झाला कसा? त्यामागे १९४४ पासून सुरू असलेली भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्याच्या मुलांसाठी औरंगाबादला काढलेले मिलिंद महाविद्यालय आहे, समाजकल्याण खात्याचे वसतिगृह आहे. आणि त्याहूनही आधी, १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या तेव्हा पुन्हा त्याच गावात, त्याच जागेवर झोपडी उभी करणारी माणसे आहेत. ती गाव सोडून पळाली असती तर शाळेचा दाखलाही निघाला नसता. हळदीच्या रानात खुरपणाऱ्या, हळद काढणाऱ्या, कढईवर शिजवणाऱ्या बायांच्या मजुरीतून कोणाची परीक्षा फी गेली, कोणाचे मेसचे पैसे गेले. शिक्षण एकट्याचे दिसते. त्याचा खर्च सबंध वस्तीने उचललेला असतो. त्या वस्तीला लग्नाला न बोलावणे म्हणजे सावकाराला टाळणे नव्हे, कारण या माणसांनी कधी व्याज मागितले नाही. मुद्दलही मागितले नाही. त्यांनी फक्त मांडवात एक जागा मागितली होती.

यावर आमच्या तरुणांचे उत्तर ठरलेले आहे आणि ते अगदीच खोटे नाही. ते म्हणतात, गावात लग्न केले तर दोन हजारांची पंगत, डीजे, मंगल कार्यालय, आहेर, मानपान, रुसवेफुगवे. त्यापेक्षा साठ माणसांत बेटावर केलेले लग्न स्वस्त पडते आणि कटकटही नाही. गावाकडच्या लग्नांचा हा दोष आम्हाला मान्य आहे. मराठवाड्यात लग्नासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन आणि जमीन गेली की ऊसतोड, हा फेरा घराघरांतून दिसतो. एप्रिल २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या भिसे वाघोलीच्या एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने, बापाला लग्नाचा आणि हुंड्याचा खर्च झेपत नाही म्हणून जीव दिला. ती आपल्या समाजाची नव्हती, पण लेक कोणाचीही असो, हुंड्याची जात एकच असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले. मराठवाड्यातल्या बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा खूपच अधिक होते. तेव्हा गावातले लग्न ते सगळे पवित्र आणि बेटावरचे ते सगळे पापी, असे आम्ही म्हणत नाही. डीजेच्या भिंतीपुढे लाखभर रुपये उडवणारा आणि समुद्राच्या लाटेपुढे दहा लाख उडवणारा, दोघेही एकाच रोगाचे रोगी आहेत. दोघांनाही आपण काय झालो हे लोकांना दाखवायचे आहे. फरक इतकाच की पहिला ते गावाला दाखवतो आणि दुसरा गाव सोडून इतर सर्वांना.

आणि त्या बेटावर नेमके होते काय? पॅकेजमध्ये मेंदी, संगीत, हळदीचा कार्यक्रम, सूर्यास्ताला वरमाला, अग्नीभोवती फेरे असे सगळे आयते असते. मंत्र म्हणणारा पंडितही पॅकेजमध्येच. त्रिशरण-पंचशील घेऊन, तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे पुष्प वाहून, दोघांनी एकमेकांना वचन देऊन अर्ध्या तासात होणारा विधी त्या पॅकेजला कमी पडतो. चित्रफितीत तीन दिवस भरायचे तर अर्ध्या तासाने कसे भागणार? मग मुलीच्या मैत्रिणींची हौस म्हणून मेंदी येते, फोटो छान येतात म्हणून पिवळे कपडे येतात, आणि एकदा ते आले की फेऱ्यांना नाही कोण म्हणणार? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतली आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून न घेण्याची आहे. जे भटजीने गावात दारातून आत आणण्याचे धाडस केले नसते ते व्यवस्थापकाने छापील दरपत्रकातून घरात आणले. गंमत अशी की त्या हळदीच्या कार्यक्रमाला लागणारी हळद कदाचित हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डातूनच गेलेली असेल. हळद बेटावर पोहोचली, हळद काढणारी बाई मात्र नाही.

लग्नातून पुरोहित आणि उधळपट्टी या दोघांनाही एकदमच हाकलले पाहिजे हे आपल्या चळवळीने फार आधी ओळखले होते. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महात्मा जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, मुहूर्त नाही, खर्च अगदी थोडा. समाज स्थापन होऊन तीन महिनेच झाले होते आणि पहिल्याच मोठ्या कामांत लग्न होते. जोतीरावांना ठाऊक होते की माणसाला गुलाम करणारी साखळी मांडवातून जाते.

बाबासाहेबांचे स्वतःचे पहिले लग्न, १९०६ साली, मुंबईत भायखळ्याच्या बाजारात लागले. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री, कोळणींच्या ओट्यांवर पाहुणे बसले आणि खालून गटाराचे पाणी वाहत होते. रमाईचे वडील दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. म्हणजे समुद्रकिनारा आपल्या पूर्वजांनी पाहिला नव्हता असे नाही. त्यांनी तो डोक्यावर ओझे घेऊन पाहिला. चार दशकांनंतर, १५ एप्रिल १९४८ रोजी, बाबासाहेबांचा दुसरा विवाह झाला तेव्हा ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री होते. मनात आणले असते तर दिल्लीतला कोणताही महाल त्यांना मिळाला असता. त्यांनी आपल्या राहत्या घरी, १ हार्डिंग अव्हेन्यू येथे, मोजक्या माणसांसमोर नोंदणी पद्धतीने डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. पहिल्या लग्नात गरिबी होती म्हणून खर्च नव्हता. दुसऱ्या वेळी सामर्थ्य होते आणि तरी खर्च नव्हता. २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आयाबहिणींना सांगितले होते की लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची ताकद आल्याशिवाय मुलांवर लादू नका, आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण होऊन बरोबरीने उभे राहावे. त्या सबंध उपदेशात मांडवाच्या थाटाला जागा नव्हती.

काही जण आमच्यावर असाही आक्षेप घेतील की तुम्ही पोरांना समुद्र ओलांडू देत नाही. समुद्र ओलांडू नये असे धर्मशास्त्र सांगत होते, आम्ही नव्हे. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेव्हाच ते शास्त्र आपल्यापुरते बुडाले. आमच्या मुलांनी जगभर फिरावे, पोहायला शिकावे, बेटे पाहावीत, लग्नानंतर दोघांनी हातात हात घालून वाळूवर चालावे. कष्ट करणाऱ्याच्या लेकराने मौज करू नये असा कोणता नियम आहे? प्रवास जरूर करा. आमचे म्हणणे फक्त एवढेच आहे की लग्न म्हणजे प्रवास नव्हे, लग्न म्हणजे साक्ष आहे. आणि साक्षीला आपली माणसे लागतात.

येथे एक अपवाद आवर्जून सांगितला पाहिजे. जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यांना अनेकदा गाव सोडूनच लग्न करावे लागते. त्यांचे 'डेस्टिनेशन' म्हणजे परक्या शहरातले विवाह नोंदणी कार्यालय. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लागते, म्हणून तो महिना जीव मुठीत धरून काढावा लागतो. अशा जोडप्यांना संरक्षण द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात सरकारांना बजावले आहे. ही मुले दूर जातात ती जिवासाठी, देखाव्यासाठी नाही. बेटाच्या एका खोलीच्या भाड्यात अशा एखाद्या जोडप्याचा महिनाभराचा निवारा होईल, हे यादी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्यासाठी सर्वात दुर्लभ, सर्वात महाग, बयाणा भरूनही न मिळणारे ठिकाण कोणते? ते बेट नाही. ते आपल्याच गावातला मुख्य रस्ता आहे. उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात निजामपूर नावाचे गाव आहे. तेथे जाटव समाजाच्या एका नवरदेवाला सवर्णांच्या वस्तीतून वरात न्यायची होती. त्यासाठी त्याला अनेक महिने अर्ज, विनंत्या, न्यायालय असे झगडावे लागले आणि अखेर जुलै २०१८ मध्ये मोठ्या पोलीस बंदोबस्तात ती वरात निघाली. काही शे मीटरच्या रस्त्यासाठी राज्यघटनेला पोलीस घेऊन यावे लागले! दूर कशाला जावे? हिंगोलीच्या शेजारी नांदेड. तेथील बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी एका आंबेडकरी तरुणाचा खून झाला. गावात बाबासाहेबांची जयंती काढल्याचा राग आणि त्या दिवशी निघालेल्या दुसऱ्यांच्या वरातीतल्या शस्त्रधारी जमावाचा हल्ला, अशी फिर्याद झाली. २०१५ साली शिर्डीत, लग्नासाठी आलेल्या एका तरुणाला मोबाइलवर भीमगीत वाजले म्हणून मारून टाकण्यात आले. वरात त्यांची निघाली तर तो उत्सव आणि आपले गाणे वाजले तर तो गुन्हा, असा हा गावगाडा आहे.

अशा वेळी आपला शिकलेला, साहेब झालेला, चार लोकांत वजन असलेला मुलगा आपली वरात गावातून न काढता बेटावर काढतो, तेव्हा त्या रस्त्याचे काय होते? तो रस्ता होता तसाच राहतो. मागे राहिलेल्या पोरांची वरात पुन्हा वस्तीच्या कोपऱ्यातूनच वळते, कारण ज्याच्याकडे पाहून तहसीलदार आणि ठाणेदार उभे राहिले असते तो मुलगा विमानात बसलेला असतो. गावातल्या सवर्णाला यापेक्षा सोयीचे काय असेल? शिकलेले बाहेर गेले, बिनशिकलेले कोपऱ्यात राहिले.

नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवही खूप दूर गेले, थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत, आणि त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या देवळात त्यांना पुढून हाकलून मागे जाऊन कीर्तन करायला लावले, अशी कथा सांगतात. आणि मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी शोधायला नामदेवच गेले, असे परंपरा सांगते. संतांनी जात मोडली नाही हे बाबासाहेबांनी गांधीजींना दिलेल्या उत्तरात स्पष्ट सांगितले आहे आणि ते खरेच आहे. तरी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ अर्पण करताना त्यांनी नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळ्याचे नाव घेतले. दूर जाणे वाईट नव्हे. गावकुसाबाहेर ढिगाऱ्याखाली राहिलेल्या माणसाकडे परत येण्याची वाट ठेवून दूर जावे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आणि करता येण्याजोगे आहे. विवाहाची नोंदणी करा. ती ग्रामपंचायतीत होते आणि ती बायकोच्या हक्काची पहिली ढाल आहे. विधी गावच्या किंवा तालुक्याच्या विहारात करा, साध्या वेषात, अर्ध्या तासात. पंगत एकच ठेवा, पण तिच्यात वस्ती बसवा आणि ज्यांनी कधी आपल्याला पंगतीत घेतले नाही त्यांनाही निमंत्रण द्या. यायचे की नाही हे त्यांना ठरवू द्या. हुंडा घेऊ नका, देऊ नका, आणि मान म्हणून आलेली गाडीही हुंडाच समजा. वरात काढायची तर दारू आणि डीजेशिवाय काढा, पण मुख्य रस्त्याने काढा. ठाण्यात रीतसर अर्ज द्या, आणि तुमच्या पदाचे, पदवीचे, ओळखीचे सारे वजन त्या एका तासासाठी त्या रस्त्यावर ठेवा. वाचलेल्या पैशातून गावातल्या एका मुलीची वसतिगृहाची आणि परीक्षेची फी भरा, आणि ती अठराच्या आत बोहल्यावर चढणार नाही हे तिच्या आईबापांकडून वदवून घ्या.

मग खुशाल बेटावर जा. जमलेच तर आत्याचा पासपोर्टही काढून ठेवा.